अठराला अठरा

नाही, मला एक सांगा, समोर आठ फुटी राक्षस गदा घेऊन उभा आहे आणि आमचा जावई शांतपणे वहीत बघून मला म्हणतो, "बाबा, एका पाळीत एकच. वार किंवा बचाव." अहो, चोवीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवतोय मी, माझा पाय कायम माझ्या बाजूच्या ब्रेकवर नि तोंड शिकणाऱ्यावर सुटलेलं, दोन्ही एकदम! पण इथे नाही. इथे एकच.

आता तुम्ही म्हणाल, या वयात हे खेळ कशाला? तर तुम्हाला सांगतो... लेक आठ महिने माझ्याशी बोलत नव्हती. तिने बँकेतली नोकरी सोडून मातीची भांडी घडवायला घेतली आणि मी चारचौघांत बोलून गेलो, सहा महिन्यांत तोंड पाडून परत जाशील. झालं. तेव्हापासून मी समोर बसलेला असलो तरी ही नवऱ्याला सांगणार, बाबांना विचार, पाणी हवंय का. जावई बिचारा मधल्या मध्ये. त्यानेच शक्कल काढली, रविवारी दुपारी खेळायला या, खेळात तरी दोघं एका बाजूने लढाल.

म्हणून बसलो. खेळ कसला, सगळा तोंडी. राक्षस जावयाचा, योद्धे आम्ही दोघं. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपलं बळ मिळवायचं, समोरच्याच्या बचावाचा आकडा गाठला तर वार लागला. मी तीन पाळ्या नुसते वार केले. फासा पडला तीन, सहा आणि दोन. राक्षसाला वारासुद्धा लागला नसेल माझ्या तलवारीचा! मग तो वळला लेकीकडे. ती धनुष्यवाली, अंगावर चिलखत नाही, प्राण उरलेले दोन; माझे तरी कुठे, तीनच. कागदाकडे बघत नखं कुरतडतेय, शाळेत पेपरच्या आधी कुरतडायची तशीच, पण माझ्याकडे बघेल तर शपथ.

मी विचारलं, तिच्या आड उभं राहता येतं का? येतं, जावई म्हणाला, ढाल उचला, पण मग तुमचा वार गेला, आणि तिला लागणारं तुम्हाला लागणार. "बाबा, एका पाळीत एकच."

अरे, समजलं रे बाबा... उचलली ढाल. माझा बचाव चौदा, ढालीचे चार, झाले अठरा. राक्षसाचं बळ पाच. जावयाने फासा टाकला, तो टेबलभर गरगरतोय, गरगरतोय, माझा उजवा पाय टेबलाखाली आपोआप ब्रेक दाबतोय... वहीला आपटून थांबला. तेरा. तेरा नि पाच, अठरा. अठराला अठरा! म्हटलं, बरोबरी, म्हणजे वाचलो ना? जावयाने कपाळावरचा घाम पुसला. "बरोबरी वार करणाऱ्याची."

मेलो. खुर्चीत बसल्या बसल्या मेलो.

आणि लेकीने मान वर केली. "बाबा, तुम्ही मध्ये कशाला आलात?"

मला. थेट मला, आठ महिन्यांनी. आता म्हणणार चुकलो, तोंड उघडलं, तर जावई म्हणाला, मेलेल्याला बोलता येत नाही, नियम आहे.

"मग ऐका तरी," लेक म्हणाली, आणि अर्धा तास बोलली. भट्टीत तडकलेली पहिली खेप, एकटीने काढलेल्या दुपारी, त्या दिवशी सगळ्यांसमोर तिचं झालेलं हसं... मला ना वार, ना बचाव. आणि खरं सांगू, सगळं बरोबर बोलत होती. म्हणून मी नुसती मान हलवली.

तर जावई म्हणतो, "बाबा, मानही नाही."