वॉर्डातल्या दोन सुशीला जोशी

माझ्या आईला खरी जन्मतारीख विचारू नका यार, तिलाच ती माहीत नाही. दिल्लीच्या शाळेत मास्तरांनी अर्ध्या वर्गाला एक जुलै चिकटवली, तीच आधार कार्डावर आहे.

गेल्या वर्षी नोएडाच्या एका हॉस्पिटलमध्ये तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी लिन्सी सिस्टर इंजेक्शन घेऊन आली. नियमाप्रमाणे तिने आधी नाव विचारलं.

"सुशीला जोशी."

"जन्मतारीख?"

"एक जुलाई. पर वो तो मास्टरजी ने डाली थी!"

सिस्टर हसली. "सामनेवाली आंटी भी यही बोलती हैं."

आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. समोरच्या बेडवरच्या बाई अल्मोड्याच्या. त्याही सुशीला जोशी, त्यांचीही एक जुलै, सालसुद्धा तेच. इंजेक्शन त्यांचं होतं, इन्सुलिनचं. आईला डायबेटिस नाही. ते टोचलं असतं तर आज मी इथे हसत चहा पीत बसले नसते.

सिस्टरने काही लपवलं नाही, स्वतःच वर कळवलं. मग त्या वॉर्डाने प्रत्येक पेशंटला तिसरा प्रश्न विचारायला सुरुवात केली: घरी तुम्हाला काय म्हणतात?

त्याबद्दल परवा त्यांच्या टीमला हॉस्पिटलने बक्षीस दिलं. आईलाही मुद्दाम बोलावलं होतं. स्टेजवर लिन्सी तिला गुच्छ द्यायला पुढे आली, तशी आईने दोन्ही हात मागे घेतले.

"पहले घर का नाम पूछो."

लिन्सीने डोळे पुसत विचारलं.

पंचाहत्तर वर्षांची माझी आई माइकवर म्हणाली, "बेबी. अब दे दो."