बारडोलीचा जाम

अरे ऐक ना, माझ्या आतेबहिणीचं लग्न होतं धुळ्याला. पप्पा नवरीचे मामा, ते पोचल्याशिवाय तिला मांडवात आणणार कोण? आणि आम्ही जीपने निघालो, बारडोलीला बघतो तर रस्ताभर गाड्याच गाड्या! मी चहाच्या हातगाडीवर जाऊन खोटीच बोंब ठोकली, "सोनगढमां मोटो जाम छे, मांडवीवाळा रस्ते जाओ!" सगळे ड्रायव्हर चहा टाकून त्या लांबच्या रस्त्याने पळाले. आमची जीप मोकळ्या हायवेवरून सुसाट.

मांडवात नवरी तयार, मामा तयार, भटजी तयार, नवरदेवच नाही! मुहूर्त टळला, आत्या रडायला लागली. शेवटी सुरतहून वऱ्हाडाची बस आली, धुळीने पांढरी. नवरदेव उतरला आणि मला बघून हसला, "अरे, बारडोलीला तूच होता ना? बरं झालं सांगितलं भाऊ, नाहीतर अडकलो असतो आम्ही जाममध्ये!"