दोन बेचाळीस

…नाही, पण मला तुम्ही सांगा, बेचाळीस नंबर दोन माणसांना कसा मिळतो? एकाच दवाखान्यात, एकाच सकाळी, एकाच डॉक्टरांकडे! दवाखाना डोळ्यांचा, टोकनचं मशीन, आणि त्यातला प्रोग्राम कोणाचा? माझा! आणि त्या दोन बेचाळिसांपैकी एक कोण? माझे सासरे! मोतीबिंदू दाखवायला गेलेले. भर वेटिंग रूममध्ये उभे राहून ओरडताहेत, "हे मशीन आमच्या जावयानं केलंय, माझाच बेचाळीस खरा!" अहो, निदान तेव्हा तरी नातं नको होतं ना सांगायला!

तुम्हाला सांगतो, वीस वर्षं मी जुन्या भाषेत प्रोग्राम लिहिले. एक काम संपलं की दुसरं, कशी शिस्तीत रांग! पण आमचे साहेब कुठूनतरी ऐकून आले, "नवी भाषा घ्या, तिच्यात शंभर कामं एकदम होतात!" होतात ना! भांडणंसुद्धा एकदम होतात! डॉक्टरांनी फोनवर स्वच्छ सांगितलं, "पुन्हा एकदा असं झालं तर मशीन उचलून न्या." साहेब मला म्हणाले, "मशीनबरोबर तुम्हीही जाल."

बसलो शोधायला. आता प्रोग्राम कुठवर आलाय हे कळायला आम्ही मध्ये एखादी ओळ छापायला लावतो, काहीही, 'इथे आलो', 'तिथे गेलो'. तर मी ती ओळ लिहितोय आणि सासऱ्यांचा फोन. "जावईबापू, झालं का?" ठेवला. पुन्हा फोन. "झालं का?" अकराव्यांदा! डोकं फिरलं आणि मी त्या ओळीत काय लिहावं? 'सासरेबुवा, आता गप्प बसा!' बरं, लिहिलं ते लिहिलं, घाईत ती छापली कुठं? माझ्या कॉम्प्युटरवर नाही हो… दवाखान्याच्या भिंतीवर, त्या एवढ्या मोठ्या पडद्यावर, नंबराच्या खाली!

आणि मशीन सुरळीत चाललं! एकही नंबर दोनदा नाही! ओळ काढली की दोन बेचाळीस, ओळ घातली की सगळे गुण्यागोविंदानं! साहेब खूश. "चालतंय ना? मग हात लावू नका!"

अहो, पण का चालतंय ते तरी बघाल? मी बघितलं. दोन खिडक्यांवर एकदम बटण दाबलं की दोघीही आत डोकावतात, शेवटचा नंबर एक्केचाळीस, दोघीही त्यात एक मिळवतात, आणि दोघीही बेचाळीस देऊन मोकळ्या! ती ओळ छापण्यात एकीला जरा उशीर होतो, म्हणून टक्कर टळते. म्हणजे नशिबावर! खरा उपाय काय? कडी! बाथरूमला असते तशी. एक आत, कडी लावली, नंबर घेतला, कडी काढली, मग दुसरी. सोपं! घातली की मी!

फक्त एके ठिकाणी कडी काढायची विसरलो. झालं! कोणी टोकन रद्द केलं की आतला आतच आणि बाहेरचे बाहेर. अख्खा दवाखाना वीस मिनिटं ठप्प! साहेबांनी तडकाफडकी जुना प्रोग्राम परत बसवला, त्या ओळीसकट, आणि माझ्याकडून पासवर्डच काढून घेतला. मी म्हटलं, विसरलेली कडी सापडलीय, दोन मिनिटांचं काम आहे! "चालतंय ना? मग हात लावू नका!" निदान शब्द तरी बदलू द्या हो! 'शुभ सकाळ' लिहितो! "एक अक्षर हलवायचं नाही!"

मला वाटलं, डॉक्टरच तक्रार करतील. कसली तक्रार! डॉक्टर म्हणाले, "सूचना छान लिहिलीत. आमचे पेशंट सगळे वयस्कर, फार बोलतात. रिसेप्शनच्या बाई ती मोठ्यानं वाचून दाखवतात, हल्ली शांतता असते." बायकोला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून म्हणते, "अहो, बाबांना कुठं दिसतंय ते! त्यांना वाटतं, बाई दुसऱ्याच कोणाला ओरडताहेत. चालतंय ना?"

चालत होतं हो! आज सकाळपर्यंत चालत होतं! आज सासऱ्यांचं ऑपरेशन झालं. उत्तम झालं, माझी काही तक्रार नाही, बरं वाटलं, जिवाला घोर होता. डॉक्टर हसत बाहेर आले. "उद्या पट्टी काढू. बाहेर बाकावरच बसवू त्यांना, समोरच्या पडद्यावरचं अक्षर न् अक्षर वाचतील! आणि हो, तुमच्याबद्दल फार अभिमानानं बोलत होते. म्हणाले, पट्टी निघाली की पहिल्यांदा जावयाचं काम बघणार."

मी हात जोडले आणि म्हटलं, "डॉक्टर, पट्टी आहे तशी चालतेय ना? मग… हात लावू नका!"