रिकामं हाय म्हणालो

माजं गाव केम, करमाळ्याकडलं, बाप लोहार, त्यामुळं लोखंडाशी माजं लहानपणापासनंच जुळलं, म्हणून तर सोलापुरात पोलिसात लागल्यावर मला हत्यारं दुरुस्तीला बसवलं. सत्तरच्या पुढची सालं ती. हत्याराचं माज्याइतकं हितं कुणालाच कळत न्हाय असं मला वाटायचं, काय सांगू तुमाला, लई मस्ती होती.

एक दिवस नवे साहेब परदेशातलं मासिक घेऊन आले, त्यात प्लास्टिकच्या सांगाड्याचं पिस्तूल. म्हणाले, बघ, वजनाला हलकं, गंजायची भीती नाही, नळी मात्र पोलादाचीच. मी हसलो की. म्हटलं साहेब, आपल्या उन्हात प्लास्टिकची बादली तडकती, आन गोळी सुटल्यावर हात उडतो तो वजनानंच दबतो, लोखंड ते लोखंड. दाखवतो म्हणून टेबलावरचं आपलं पोलादी पिस्तूल उचललं, गोळ्यांचं मॅगझिन काढलं, रिकामं हाय म्हणालो आन चाप वढला. नळीत गोळी ऱ्हायलीय का ते बघितलंच न्हाय. ऱ्हायली होती.

समोर शिवाप्पा रायफली पुसत होता, अक्कलकोटकडला, माजा जोडीदार. कानडीत आईला, अव्वा म्हणून वरडला आन खालीच बसला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

आता खरी लाजेची गोष्ट पुढं हाय. सकाळी ते पिस्तूल जमा करून घेतलं होतं मीच, रिकामं करायचं काम माजंच, पण चौकशीत मी सांगितलं, शिवाप्पानं घेतलं, रिकामं केलंय म्हणाला, म्हणून मी चाप वढला. त्याला विचारलं, त्यानं माज्याकडं बघितलं, पट्टी बांधलेला हात मांडीवर, आन म्हणाला, व्हय साहेब, मीच घेतलं. त्याला हत्यारांवरनं काढून भटारखान्यात टाकलं. मागनं मला म्हणाला, तुला तीन पोरी हायत, माजं काय, शेत हाय. मी चुकलो एवढंसुदिक माज्या तोंडातनं निघालं न्हाय. त्याच्या हातचं जेवत ऱ्हायलो, सालोसाल.

गेल्या साली शिवाप्पा गेला. भेटायला गेलो तर त्याचा थोरला माज्या पाया पडला, म्हणाला, आप्पा तुमचं लई नाव काढायचे, जोडीदार असावा तर असा, म्हणायचे. तितं बोलायला पायजे होतं की न्हाय, सांगा. च्या प्यालो आन यष्टीत बसलो.

आज तुमच्याजवळ बोललो. लिवा, पर त्याचं नाव नीट लिवा, शिवाप्पा, आन चूक माजी लिवा. देव त्याच्या लेकराबाळांचं बरं करो.