घट्ट झाकणाची डबी

डबीवाले : ...तेच सांगतोय, साहेब. उलटी करा, आपटा, स्कूटरच्या डिकीत महिनाभर फिरवा. मलमाचा थेंब बाहेर आला तर मी हा धंदा सोडतो.

भावजी : मागच्या वेळीही तुम्ही धंदा सोडणार होतात.

डबीवाले : ते बाटल्यांचं होतं. ही डबी आहे. आणि मी काय म्हणतो, ताईंना बोलू द्या. मलम त्यांचं, शब्द त्यांचा.

वहिनी : भावजी म्हणतील तसं.

भावजी : अहो वहिनी, मी काय म्हणणार? मी नुसता विकणारा, घोटणाऱ्या तुम्ही. दोन्ही नमुने तुम्हीच घरी नेलेत, मलम भरून वापरलेत, आणि तुम्हीच म्हणालात, घट्ट झाकणाची चांगली. त्यावर मी दुकानदारांना फोटोसुद्धा पाठवून मोकळा झालो.

डबीवाले : म्हणजे ही दुसरी, कानांच्या झाकणाची, बाद?

भावजी : बादच. दोन्हीकडे दोन कान काढलेले. रागावलेल्या मांजरासारखं दिसतं. फळीवर ठेवलं तर गिऱ्हाईक दचकेल.

डबीवाले : दवाखान्यात खपतं हो ते. पण असू दे, घट्ट तर घट्ट. आज कारखान्याला कळवलं की साचा चढतो, मग मागे फिरणं नाही. ताई, तुम्ही आणलेली भरलेली डबी तेवढी उघडा. झाकणातली चकती मलमानं फुगली नाही ना, एवढं बघतो आणि फोन लावतो.

वहिनी : तुम्हीच उघडा ना.

डबीवाले : माझ्या हाताला शाई आहे. तुमच्या मलमाला लागायची.

भावजी : उघडा की, वहिनी.

(वहिनी झाकण पिळून बघतात. मग रुमालात धरून पुन्हा. झाकण हलत नाही.)

भावजी : गच्च बसलंय वाटतं.

वहिनी : नाही. असंच असतं ते.

भावजी : असंच म्हणजे?

वहिनी : माझी बोटं सकाळी वळत नाहीत. दुपारी जरा सैल पडतात. तरी हे झाकण मला उघडत नाही. कधीच उघडलेलं नाही.

डबीवाले : ताई, चुकत असेन तर सांगा. मलम सांधेदुखीचंच ना?

वहिनी : हो.

डबीवाले : मग ज्याची बोटं दुखतात, त्यानंच ही डबी...

भावजी : थांबा हो तुम्ही. वहिनी, तुम्ही मला म्हणालात, रोज वापरून बघितली.

वहिनी : रोजच वापरली. त्यात खोटं काही नाही.

भावजी : मग उघडत कोण होतं? भूत?

वहिनी : समोरच्या बाई.

भावजी : कोण, त्या? ज्या लिफ्टमध्ये माणूस दिसलं की भिंतीकडे बघतात?

वहिनी : त्याच. पहिल्या दिवशी मी बरीच झगडले हो. गरम पाण्यात धरली, दाराच्या फटीत धरली. शेवटी डबी घेऊन जिन्यात उभी राहिले, कुणी येईल जाईल म्हणून. कुणी येईना. मग त्यांची बेल वाजवली. इतकी वर्षं दाराला दार लागून राहतो, पण बेल तेव्हा पहिल्यांदा. त्यांनी ओला फडका गुंडाळला आणि एका हिसक्यात उघडली. ‘आणखी काही?’ म्हणाल्या. मी नाही म्हटलं.

भावजी : बरं. मग?

वहिनी : मग दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

डबीवाले : पण ताई, एकदा उघडल्यावर झाकण नुसतं टेकवून ठेवायचं. आटे फिरवायचेच नाहीत.

वहिनी : ठेवता आलं असतं.

डबीवाले : मग?

वहिनी : त्याच लावून द्यायच्या. मी दारात उभी राहून बोटांना चोळेपर्यंत डबी त्यांच्या हातात. परत देताना अशी आवळायच्या, की विचारू नका. मला आधी वाटलं, हाताची सवय असेल. मग एकदा नीट बघितलं. दोन्ही हातांनी आवळत होत्या, ओठ दाबून.

भावजी : अरे देवा! म्हणजे तुम्ही पुन्हा यावं, म्हणून त्याही...

वहिनी : हसू नका हो. मलाही आधी हसूच आलं. घरात येऊन दार लावलं, आणि मग नाही आलं.

डबीवाले : मी जरा गोदामात खोकी बघून येतो.

वहिनी : बसा. तुमच्यापासून काय लपवायचं? झाकणं तुमचीच.

भावजी : मला एका शब्दानं सांगायचंत, वहिनी. मी फोन करतोच की.

वहिनी : करता ना. किती घोटलं, किती भरलं, गाडी कधी पाठवू.

भावजी : ते... हो.

वहिनी : तुम्हाला बोल लावत नाही. तुमचे दादा गेल्यावर या मलमाला घराबाहेर काढलंत ते तुम्हीच. पण पूर्वी कसं व्हायचं सांगू? दिवसभर घोटत बसायची, आणि संध्याकाळी प्रार्थनेला बसले की लक्षात यायचं, आज आपण तोंड उघडतोय ते आत्ता. आवाज घोगरा. देव म्हणत असेल, ही कोण नवीन बाई आली! त्या दारात मला रोज एक वाक्य मिळायला लागलं. कधी दोन. परवा म्हणाल्या, दूध नासतं हो, एकटीला संपत नाही.

भावजी : आणि तेवढ्यासाठी तुम्ही हे झाकण पसंत केलंत.

वहिनी : नमुन्याची संपली की नवी डबी येईल, तीही अशीच हवी, एवढंच डोक्यात. आणखी कुणाच्या हातात जाईल, ते आलंच नाही मनात. नाही, आलं होतं. मी त्याला बसू दिलं नाही. आता यांनी विचारलं, मलम कशाचं, आणि ते पुन्हा पुढ्यात येऊन बसलं. सगळ्यांच्या समोर थोडंच दार असतं, भावजी?

भावजी : फोटो गेलेत, वहिनी. सगळीकडे सांगून झालंय.

वहिनी : पुन्हा सांगा. चूक माझी होती म्हणावं. कानांचं झाकण तळहातानं ढकललं तरी फिरतं. ते मी पहिल्याच दिवशी उघडलं होतं, एकटीनं. मग कपाटात मागे सारून ठेवलं.

डबीवाले : म्हणजे कानांचं कळवू? एकदा कळवलं की झालं, ताई.

वहिनी : कळवा.

भावजी : थांबा. वहिनी, तुमच्यापुरत्या चार घट्ट डब्या मी बाजूला काढून ठेवतो. कुणाला कळायचंही नाही.

वहिनी : चांगल्या मनानं म्हणताय, पण नको. आता तुम्हाला सगळं सांगून बसले. उद्या तीच डबी हातात धरून ‘उघडत नाही हो’ म्हणायला गेले, तर तोंडावर दिसेल माझ्या.

डबीवाले : हॅलो... हां, मीच. लिहून घ्या, कानवालं झाकण. हो हो, तेच. पांढरं... असू दे दिसतं तसं, तुम्ही चढवा साचा. झालं, ताई.

भावजी : मग उद्या सकाळी?

वहिनी : जाईन की. बेल वाजवीन.

भावजी : आणि त्यांनी दार उघडल्यावर?

वहिनी : तेच आठवून बघतेय. हातात काही नसताना दारात उभं राहून माणसं काय म्हणतात हो, भावजी?