गॅरेजमधले लाडू

अमेरिकेतल्या हर्नडन गावच्या कोरियन वैद्यांकडे माझ्या शेजारच्या खुर्च्यांवर एक साठीचं मराठी जोडपं नंबरची वाट बघत होतं.

"अगं, आज त्यांना खरं सांग. घरात सगळं शुगर-फ्री आणलं तरी तुझी शुगर वाढतेच कशी?"

"मागच्या वेळी नाडी बघून म्हणाले, फार काळजी केली की गोड खावंसं वाटतं. आज काढा देणार आहेत. तो घेतला की गोड नकोसंच होतं म्हणे."

"मग घे मुकाट्याने. सारखी गॅरेजमध्ये जाऊन काय खातेस, मला कळत नाही वाटतं?"

"डिंकाचे लाडू. आपल्या वैदेहीच्या बाळंतपणासाठी केलेले. तिथल्या फ्रीजरमध्ये आहेत."

"अगं... टाकून द्यायचे ना."

"तिच्यासाठी वळलेत हो. कसे टाकू?"

"मग देऊन टाक कुणाला."

"बाळ गेलं. आता बाळंतिणीचे लाडू कुणाच्या हातावर ठेवू, तुम्हीच सांगा."

"आणि वैदेही आली की?"

"शनिवारी येतेय ती. तिच्या नजरेला पडायच्या आत संपायला हवेत."

"खूप उरलेत?"

"हो. अहो, तेवढं विचारा ना त्यांना, काढा रविवारपासून सुरू केला तर चालेल का?"