मोरीतल्या मातीवर वंदनाचं नाव

जमलेल्या मंडळींनो, वंदनाचे आई-बाबा,

गेल्या आठवड्यात तापानं नेलेल्या या पोरीबद्दल काय बोलावं? जीभ जड झाली होती. पण आत्ताच तिचे मार्गदर्शक सर बोलून बसले. "ही मुलगी माझ्या संशोधनात मदत करायची." अख्ख्या भाषणात तिचं नाव एकदाही नाही. माझे कान तिखट आहेत, सर. जीभ सुटली.

मी तेलाचे डबे उचलत वर आलेला माणूस. आज औशात माझी तेलाची गिरणी आहे. वंदना पहिल्यांदा आली ती गिरणीमागच्या मोरीतली तेलकट माती मागायला.

"दादा, तुमच्या मोरीत सोनं हाय."

"हाव का? मंग गिरणी बंद करून मोरीच चालवतो."

लई हसली. मग बशीत पाण्यावर तेल सोडून मला शिकवलं. त्या मातीतले जिवाणू साबणासारखा एक पदार्थ सोडतात. पेशीचं कवच म्हणजे चरबीचे दोन थर. चरबीच्या कणांची डोकी पाण्याकडं, शेपट्या आत. हा पदार्थ येतो आणि बाहेरच्या थरात गुमान बसतो. काही होत नाही. आणखी येतो. आणखी बसतो. दाटी झाली की मग कवच वाकतं, गळतं, फुटतं. हे गुमान बसणं तिनं शोधलं. तिनं.

नांदेडच्या परिसंवादात हेच सर म्हणाले, "मी दाखवून दिलं." मी उठत होतो. वंदनानं बाही ओढली. "बसा दादा. पदवीला त्यांचीच सही लागती."

बसलो. आज बाही ओढायला कोण आहे?

सर, पाणी प्या. सावकाश.

मोरी माझी, माती माझी. लातूर-नांदेडच्या कुठल्याही पोरानं यावं, माती न्यावी. अट एकच, बरणीवर आणि लेखात वंदनाचं नाव. पोरं विचारतील, ही कोण? मी चहा पाजून सगळं सांगणार. तुमच्या त्या भाषणासकट. मग ती पोरं तुमच्या परिसंवादात तुमच्या शेजारी येऊन बसतील. एक बसेल, काही होणार नाही. आणखी एक बसेल. तुम्ही मोजू नका, सर.

मंडळी, उभे राहा. दोन मिनिटं शांत राहण्याआधी तिचं नाव एकदा मोठ्यानं घेऊ. सर, सुरुवात तुम्ही करा. हा घ्या माईक.

आम्ही थांबतो.